पट्टी खाली गेली आणि गाणे वर आले

सुप्रीम्स या तीन कृष्णवर्णीय अमेरिकी मुलींच्या गटाचे ‘व्हेअर डिड अवर लव्ह गो’ (आपले प्रेम गेले कुठे) हे गाणे ज्यांनी कधी ऐकलेले नाही, त्यांना ते वर्णन करून सांगणे अवघड आहे, कारण सांगण्यासारखे त्यात फारसे काही घडतच नाही. लाकडावर पाय आपटल्यासारखा एकसारखा ठोका सुरू होतो, एक मुलगी ‘मला सोडून जाऊ नकोस’ अशी विनवणी करू लागते, मागून तिच्या सोबतिणी ‘बेबी, बेबी’ एवढेच म्हणत राहतात, मध्ये थोडा वेळ सॅक्सोफोन वाजतो, पुन्हा तीच विनवणी सुरू होते आणि ती पुरी होण्याआधीच आवाज हळूहळू विरत जातो. सगळा मामला जेमतेम अडीच मिनिटांचा आहे. १७ जून १९६४ रोजी ही तबकडी अमेरिकेत बाजारात आली आणि २२ ऑगस्टला ‘बिलबोर्ड’ साप्ताहिकाच्या शंभर गाण्यांच्या यादीत पहिल्या क्रमांकावर जाऊन तेथे दोन आठवडे टिकली. ते वर्ष बीटल्सचे होते, हे लक्षात घेतले म्हणजे या यशाचे वजन कळते. ऑगस्टच्या सुरुवातीला त्या जागेवर बीटल्सच होते आणि सुप्रीम्सनंतर तेथे आले तेही इंग्लंडचेच ॲनिमल्स.

हे गाणे मी सोलापूरच्या साखर पेठेतल्या एका मित्राला ऐकवले. तो हार्मोनियम शिकवतो आणि त्याचे कान तालीम झालेल्या माणसाचे आहेत. गाणे संपल्यावर तो सरळ म्हणाला, “ह्यात आहे तरी काय बे? ना हरकत, ना जागा, ना अंतरा.” त्याचे म्हणणे खोटे नव्हते. आपल्याकडे मुखडा खालच्या सुरांत मांडून अंतऱ्यात आवाज वर न्यायचा, ही अपेक्षा ऐकणाऱ्याच्या अंगात इतकी मुरलेली असते की, अंतरा आलाच नाही तर गाणे अर्धवट राहिल्यासारखे वाटते. या गाण्यात सुरावटीचा एकच लहान तुकडा आहे आणि शब्द बदलत तोच पुन्हा पुन्हा येतो. सॅक्सोफोनलाही वेगळी वाट दिलेली नाही. त्यानेही त्याच तुकड्यावर आपले काम उरकायचे आहे. मित्राने मात्र जाता जाता आणखी एक गोष्ट सांगितली आणि ती मला जास्त मोलाची वाटली: “बाईला पट्टी खालची दिली आहे. तिला वर जायचे आहे आणि जाता येत नाही.”

ही पट्टी खालची का आहे, याची हकीकत या गाण्याच्या जन्माशी निगडित आहे. ते सुप्रीम्ससाठी बांधलेलेच नव्हते. डेट्रॉइटच्या मोटाउन या तबकड्या काढणाऱ्या कंपनीत ब्रायन हॉलंड, त्याचा थोरला भाऊ एडी हॉलंड आणि लॅमाँट डोझिअर असे तिघे मिळून गाणी बांधत असत. ब्रायन आणि डोझिअर चाल आणि वाद्यांची बाजू पाहत, एडी प्रामुख्याने शब्द लिहीत असे. त्यांनी ही चाल मार्व्हेलेट्स या दुसऱ्या मुलींच्या गटाला डोळ्यांसमोर ठेवून केली होती आणि वाद्यांची पट्टी त्यांची मुख्य गायिका ग्लॅडिस हॉर्टन हिच्या जाड, खालच्या आवाजाला जुळेल अशी धरली होती. मार्व्हेलेट्स त्या काळी कंपनीच्या मानाच्या गायिका होत्या. १९६१ साली ‘प्लीज मिस्टर पोस्टमन’ या गाण्याने त्यांनी मोटाउनला ‘बिलबोर्ड’च्या त्या यादीत प्रथमच पहिला क्रमांक मिळवून दिला होता, त्यामुळे ‘हे आम्हाला नको’ असे म्हणण्याची त्यांची पत होती. त्यांनी हे गाणे ऐकले, त्यांना ते अगदीच बाळबोध वाटले आणि त्यांनी ते नाकारले.

सुप्रीम्सची तशी पत नव्हती. फ्लॉरेन्स बॅलार्ड, मेरी विल्सन आणि डायना रॉस या तिघी डेट्रॉइटमधल्या ब्रूस्टर-डग्लस या सरकारी वसाहतीत वाढल्या. त्यांचा गट १९५९ साली ‘प्रायमेट्स’ या नावाने सुरू झाला, तेव्हा त्यात आणखी एक मुलगी होती. मोटाउनचा मालक बेरी गॉर्डी याने त्यांना आधी ‘शाळा पुरी करून या’ असे सांगून परत पाठवले होते. तरी त्या स्टुडिओत येत राहिल्या, दुसऱ्यांच्या गाण्यांमागे टाळ्या वाजवणे, मागचे सूर धरणे अशी मिळतील ती कामे करत राहिल्या आणि जानेवारी १९६१ मध्ये त्यांचा करार झाला. सुप्रीम्स हे नाव फ्लॉरेन्सने निवडले. त्यानंतरची तीन वर्षे एकामागून एक तबकड्या निघाल्या आणि बहुतेक पडल्या. त्यातल्या त्यात बरी चाललेली एक तबकडी तेविसाव्या क्रमांकापर्यंत पोहोचली, पण तिच्यापाठोपाठ आलेली त्र्याण्णवाव्या क्रमांकावरच अडखळली. कंपनीच्या आवारात त्यांना ‘नो-हिट सुप्रीम्स’ असे चिडवत. अशा स्थितीत, दुसऱ्यांनी टाकून दिलेले गाणे आपल्या गळ्यात मारले जात आहे हे कळल्यावर त्या नाराज झाल्या, यात नवल नाही. मेरी विल्सनने पुढे स्पष्टच सांगितले आहे की, हे गाणे त्यांना मुळीच आवडले नव्हते.

एप्रिल १९६४ मध्ये ध्वनिमुद्रण झाले. तिघी तेव्हा वीस वर्षांच्या होत्या. मुख्य आवाज कोणाचा असावा यावरही चर्चा झाली होती. मेरीचा मऊ आवाज या चालीला शोभेल, असे एडी हॉलंडला वाटत होते, पण कंपनीने डायनाला पुढे आणायचे ठरवले होते आणि तेच झाले. डायना एरवी उंच पट्टीत, नाकातून काहीशी धारदार गात असे. येथे वाद्यांची बाजू हॉर्टनच्या पट्टीत ठरलेली असल्यामुळे तिला खाली उतरावे लागले. वर चढून आवाज फेकण्याची सोय राहिली नाही, म्हणून तिने शब्द जवळ धरून, जवळजवळ बोलल्यासारखे म्हटले. तिची नाराजीही त्यात उतरली असावी. तिघी मागच्या सुरांवरूनही अडून बसल्या होत्या. डोझिअरने त्यांच्यासाठी बरीच गुंतागुंतीची रचना करून आणली होती. वादावादी झाल्यावर त्याने ती बाजूला ठेवली आणि मेरी व फ्लॉरेन्स यांना फक्त ‘बेबी, बेबी’ म्हणायला सांगितले.

म्हणजे पाहा: चाल नाकारलेली, पट्टी परकी, मागची रचना काढून टाकलेली आणि गाणारीचे मन नाही. एवढी वजाबाकी झाल्यावर जे उरले, ते या गाण्याच्या आशयाला नेमके लागू पडले, आणि माझ्या मते या गाण्याचे खरे सामर्थ्य या वजाबाकीतच आहे. ज्या मुलीची ही विनवणी आहे, तिचा प्रियकर तिला जिंकेपर्यंत अतिशय चांगला वागला आणि जिंकल्यानंतर त्याचा जीव उडाला. अशी मुलगी टाहो फोडील अशी आपली अपेक्षा असते. मोठ्या ताकदीच्या गायिकेने हे गाणे वरच्या पट्टीत घेतले असते, तर तिने तो फोडलाही असता आणि आपण तिच्या गळ्याला दाद देऊन मोकळे झालो असतो. डायना ते करत नाही. ती जे विचारते ते मोठ्याने विचारण्याची तिला लाज वाटते आहे, असे ऐकताना वाटते. आणि मागच्या दोघी तिचे सांत्वन न करता तिचेच शब्द तिच्यापुढे ठेवत राहतात. माझ्या मित्राला जी उणीव जाणवली, तिच्यामुळेच या गाण्याला धार आली आहे. वर जायचे आहे आणि जाता येत नाही, ही तर त्या मुलीचीच अवस्था आहे.

आता त्या ठोक्याविषयी. गाण्याच्या अगदी सुरुवातीला जो ‘धप्प धप्प’ असा आवाज येतो, तो टाळ्यांचा असावा असे अनेकांना वाटते. प्रत्यक्षात माइक व्हॅल्व्हानो नावाच्या तरुणाने लाकडी फळ्यांवर उभे राहून पाय आपटले आहेत. चार मात्रांपैकी प्रत्येक मात्रेवर पाय पडतो आणि गाणे संपेपर्यंत तो थांबत नाही, चुकत नाही, वाढत नाही. तबल्याची सवय असलेल्या कानाला प्रत्येक मात्रेवर सारखेच वजन हा प्रकार कंटाळवाणा वाटण्याची शक्यता आहे, कारण केरव्यात निदान एखादी मात्रा हलकी सोडलेली असते. मी अशोक चौकाजवळ यंत्रमागांच्या शेजारी वाढलो. दिवसरात्र चाललेला माग जसा काही वेळाने ऐकू येईनासा होतो आणि त्याच्यावरून माणसांचे बोलणे मात्र स्वच्छ ऐकू येते, तसे येथे होते: ठोका इतका एकसारखा आहे की आपले लक्ष त्याच्यावरून सुटून त्या मुलीच्या आवाजातल्या बारीकसारीक फरकांवर जाते. दुसऱ्या वेळी तोच शब्द तिने किंचित उशिरा टाकला आहे, तिसऱ्या वेळी श्वास आधी घेतला आहे, हे कळू लागते. ठोक्यात नखरा असता, तर हे सुटून गेले असते.

मोटाउनला गाण्यांचा कारखाना म्हणतात, आणि ही उपमा बाहेरच्यांनी दिलेली नसून ती मालकानेच मनात धरलेली होती. बेरी गॉर्डीने १९५० च्या दशकात डेट्रॉइटमध्ये लिंकन-मर्क्युरी मोटारींच्या कारखान्यात जुळणीच्या पट्ट्यावर काम केले होते. एका टोकाला नुसता सांगाडा आत येतो आणि दुसऱ्या टोकाने चकचकीत मोटार बाहेर पडते, ते त्याने पाहिले होते आणि माणसांच्या बाबतीतही तसेच करता येईल असे त्याच्या मनाने घेतले. १९५९ साली त्याने घरच्यांच्या सामाईक निधीतून ८०० डॉलर कर्ज घेऊन कंपनी सुरू केली आणि वेस्ट ग्रँड बुलेवार्डवरच्या एका साध्या घरात स्टुडिओ थाटला. मुलींना चालणे, बसणे, बोलणे शिकवायला मॅक्सिन पॉवेल होत्या, पावले बसवायला चोली ॲटकिन्स होते. गाणे तयार झाले की ते आठवड्याच्या तपासणी बैठकीत वाजवले जाई, त्यावर मते घेतली जात आणि गॉर्डी विचारत असे की, खिशात शेवटचा डॉलर उरला असेल तर तुम्ही ही तबकडी घ्याल की खायला सँडविच घ्याल.

सोलापूरच्या माणसाला हे समजावून सांगावे लागत नाही. आमच्या घरची मागची पिढी गिरणीत होती आणि मागावरून उतरलेले कापड तपासणीला गेले की, तुटलेल्या धाग्याचे आणि डाग पडलेले नग ‘सेकंड’ म्हणून वेगळे काढले जात, हे ऐकतच मी मोठा झालो. पुढे सुताच्या व्यापारात हिशेब लिहिण्याचे काम करताना तीच भाषा रोज कानावर पडली. म्हणूनच मोटाउनविषयीचे कौतुक वाचताना मला एक शंका सतत येते. तपासणी दोष काढू शकते. नव्याने काही घालू शकत नाही. या गाण्यात जे अपूर्व आहे ते जुळणीच्या पट्ट्यावर ठरवून बसवलेले नव्हते. गाणारीला न जुळणारी पट्टी हा तर कोणत्याही तपासनिसाच्या दृष्टीने दोषच आहे. कारखान्याचे श्रेय इतकेच की, त्या दिवशी तो दोष कोणी दुरुस्त करायला गेले नाही आणि पट्टी बदलून वाद्ये पुन्हा मुद्रित करण्याचा खर्च कोणी केला नाही. ही काटकसर होती की जाण होती, याचा निकाल मी लावू इच्छित नाही, पण काटकसरीकडे माझे मत झुकते.

त्या उन्हाळ्यात सुप्रीम्स टीव्हीवरचा सूत्रसंचालक डिक क्लार्क याच्या फिरत्या कार्यक्रमात होत्या. बसने गावोगाव जायचे, एकाच मंचावर अनेक कलावंतांनी दोन-तीन गाणी म्हणायची, असा तो प्रकार होता. निघाल्या तेव्हा जाहिरातीत त्यांचे नाव अगदी तळाशी होते. दौरा चालू असताना गाणे चढत गेले आणि दौरा संपेपर्यंत लोक मुख्यतः त्यांच्यासाठी येऊ लागले. याच उन्हाळ्यात, २ जुलै १९६४ रोजी, वर्णभेदाला कायद्याने बंदी घालणारा नागरी हक्क कायदा अमेरिकेत मंजूर झाला होता. आणखी एक योगायोग सांगण्यासारखा आहे. कृष्णवर्णीयांच्या संगीताची वेगळी यादी ‘बिलबोर्ड’ने नोव्हेंबर १९६३ ते जानेवारी १९६५ या काळात छापणेच थांबवले होते, त्यामुळे या गाण्याला ‘त्या’ यादीत जागा नव्हतीच. जी होती ती सगळ्यांच्या यादीत होती.

मोटाउनने सोल या कृष्णवर्णीयांच्या संगीतातला चर्चच्या भक्तिगायनाचा आवेश काढून घेतला, गोऱ्या श्रोत्यांना रुचेल असे पातळ करून ते विकले, असा आक्षेप नेहमी घेतला जातो आणि त्याचे उदाहरण म्हणून सुप्रीम्सकडेच बोट दाखवले जाते. काही गाण्यांबाबत तो मला पटतो. या गाण्याबाबत पटत नाही. आवेश हेच प्रामाणिकपणाचे एकमेव लक्षण मानले, तरच संयमाला पातळपणा म्हणता येते. घुंगराच्या ठेक्यावरची सवाल-जवाबाची लावणी आणि खाली बसून अदाकारीने म्हटलेली बैठकीची लावणी या दोन्ही खऱ्याच असतात, हे आपल्याकडच्या रसिकांना कोणी शिकवावे लागत नाही.

याच्यानंतरची चारही गाणी लागोपाठ पहिल्या क्रमांकावर गेली आणि एकंदर बारा गाण्यांनी ती जागा गाठली. डायना रॉसला पुन्हा असे खाली उतरून गाण्याची वेळ फारशी आली नाही, कारण आता चाली तिच्याचसाठी बांधल्या जाऊ लागल्या. लगेच पुढचे ‘बेबी लव्ह’ तर याच गाण्याच्या साच्यातून काढलेले वाटते. ते गोड आहे, पण त्यात अडलेपण नाही, म्हणून मी ते क्वचित ऐकतो.

ज्यांनी वाद्ये वाजवली, त्यांची नावे तबकडीवर नाहीत. स्टुडिओतला हा वादकांचा ताफा पुढे ‘फंक ब्रदर्स’ म्हणून ओळखला गेला; दिवसा कंपनीत आणि रात्री शहरातल्या जॅझच्या क्लबांत वाजवणारी ही माणसे होती. या गाण्यातला जाड आवाजाचा बॅरिटोन सॅक्सोफोन माइक टेरी याचा आहे. मोटाउनने आपल्या वादकांची नावे पहिल्यांदा छापली ती १९७१ साली, गायक मार्विन गे याच्या ‘व्हॉट्स गोइंग ऑन’ या संग्रहावर. पुढच्याच वर्षी कंपनीने आपला मुक्काम लॉस एंजेलिसला हलवला आणि यांतले बरेचसे वादक डेट्रॉइटमध्येच मागे राहिले. सोलापुरी चादरीवर कारखान्याचे नाव असते, आता भौगोलिक मानांकनही आहे. जकार्ड मागावर ती विणणाऱ्याचे नाव कधी नसते, आणि आपणही ते विचारत नाही.

फ्लॉरेन्स बॅलार्डविषयी चार ओळी लिहिल्याशिवाय हे पुरे करता येणार नाही. गटाची कल्पना पुढे नेणारी ती, नाव निवडणारी ती, आणि तिघींत सर्वांत भरदार आवाजही अनेकांच्या मते तिचाच. १९६७ साली तिला गटातून बाहेर काढले गेले, त्याच वर्षी गटाच्या नावापुढे डायना रॉसचे नाव लागले, आणि फेब्रुवारी १९७६ मध्ये हलाखीचे दिवस पाहून वयाच्या ३२ व्या वर्षी फ्लॉरेन्स वारली. डायना जानेवारी १९७० मध्ये स्वतंत्र झाली. मेरी विल्सन शेवटपर्यंत गटाचे नाव सांभाळत राहिली. तिचे निधन फेब्रुवारी २०२१ मध्ये झाले. हे कळल्यावर ‘बेबी, बेबी’ म्हणणारे मागचे आवाज पूर्वीसारखे मागचे वाटत नाहीत. हेडफोनवर ऐकताना मी अलीकडे मुद्दाम त्यांच्याकडेच कान देतो. एकच शब्द, पण तो म्हणताना त्या दोघी कुठेही घाई करत नाहीत.

ज्यांना ऐकायचे असेल त्यांनी मूळ तबकडीचे मोनो ध्वनिमुद्रण शोधावे. स्टिरिओमध्ये पाय एकीकडे आणि आवाज दुसरीकडे जातो आणि सगळ्याची एकत्र बसलेली घट्ट वीण उसवते. हे गाणे मोटारीतल्या आणि ट्रान्झिस्टरच्या एकाच लहान स्पीकरवर ऐकले जाणार, हे गृहीत धरूनच ते बांधलेले आहे. १९८१ साली सॉफ्ट सेल या इंग्लंडच्या जोडीने ‘टेंटेड लव्ह’ या आपल्या गाण्याच्या मोठ्या तबकडीवर हे गाणे जोडून घेतले. तेथे पायांची जागा यंत्राच्या ठोक्याने घेतली आहे आणि मार्क ॲलमंडने विनवणी बरीच नाटकी केली आहे. माझ्या हार्मोनियमवाल्या मित्राला ते मूळ गाण्यापेक्षा बरे वाटले. “निदान हा माणूस ओरडतो तरी,” असे त्याचे मत पडले, आणि त्यावर आमचे अजून एकमत झालेले नाही.